माय-आबांचा जोडफोटो

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥
धुळे, ६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कोकिळा हिस,
शालिग्रामचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी आपला हो हो करत होतो, पण त्यातलं निम्मंही मला ऐकू आलं नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर पत्र्यावरचे हातोडे ऐकून कानांचा पार निकाल लागलाय. नवीन मशीन कानात घातलं की ते नुसत्या शिट्ट्या मारतं. तुझ्या वहिनीला मध्ये घ्यावं, तर ती तुझं म्हणणं दोन शब्दांत उरकते आणि स्वतःचं दहा वाक्यांत सांगते. तेव्हा पत्रच बरं. तूही लिही, आणि शाळेत फळ्यावर लिहायचीस तसं ठळक लिही.

मायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदू निघाला. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्यात थोडी नजर शिल्लक आहे. गेलेली परत येणार नाही, आहे ती थेंब टाकून सांभाळायची, असं ते म्हणाले. मी तिथंच बाकावर बसलो. मायने मात्र शांतपणे विचारलं, की अजून किती दिवस दिसेल? त्यांना नक्की सांगता येईना. वर्षही निघेल, कमीही निघेल, असं म्हणाले.

रिक्षात बसल्यावर तिने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, की तिला आबांबरोबरचा जोडफोटो हवाय. ती गेल्यावर आपण भिंतीवर जो लावू, तो आत्ताच करायचा, म्हणजे नजर आहे तोवर तिला तो पाहून घेता येईल. गावाकडची म्हातारी माणसं असा फोटो आधीच करून ठेवतात हे तुला माहीत आहेच, त्यामुळे मलाही त्यात वावगं वाटलं नाही. लगेच हिलालभाऊच्या स्टुडिओत नेलं. आबांचा एकच फोटो आपल्याकडे, गिरणीच्या कबड्डी संघाचा. त्यातून त्याने आबांचं तोंड कापून घेतलं, त्याला कोट-टाय चढवला आणि मायच्या शेजारी आणून बसवलं.

बरोबर तुला एक प्रत पाठवतो आहे. आबा अठ्ठावीस वर्षांचे, माय एक्क्याऐंशी वर्षांची. दूधवाल्याने पाहिला आणि नातू कुठे असतो म्हणून विचारलं! मायने फोटो डोळ्याला लावून पाहिला, खाटेवर पालथा घातला आणि म्हणाली, हाई मी नही शे. म्हणजे ही मी नाहीच. तेव्हापासून नीट जेवत नाही, बोलत नाही. तू कॉम्प्युटरवर ते पक्ष्यांचे फोटो करतेस ना? बघ काही होतंय का. हिलालभाऊकडे पुन्हा जायचं माझ्या मनात नाही.

जावईपाहुण्यांना नमस्कार सांग. बहिणीची माया आहे तशीच असू दे.

तुझा भाऊ,
शालिग्राम

॥ श्री ॥
जळगाव, १३ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊ यांस,
कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडत आणि दुसऱ्यांदा हसत. मायच्या डोळ्याचं मला काहीच माहीत नव्हतं रे. फोनवर तू मला नुसतं ‘हो हो’ केलंस आणि मी समजले सगळं छान चाललंय. आणि आबांचा कोट! घरातल्या कुणी तरी कधी कोट घातलाय का? तुझ्या लग्नातसुद्धा तू सफारीत होतास.

पण फोटो नीट पाहिला आणि मला राग आला. मायला किती गोरी केलीय! गालावरच्या सुरकुत्या गायब, कपाळ गुळगुळीत, हनुवटीही कशी नवी कोरी. एखाद्या साबणाच्या जाहिरातीतली बाई वाटते. आपल्या मायने उन्हात निंदणी केली, पाटाच्या पाण्यात उभी राहिली, ते सगळं पुसून टाकलं त्या माणसाने. मायला ती स्वतः वाटली नाही यात नवल काय? शिवाय शेजारी तिचा नवरा नातवासारखा. मला वाटतं तिला तीच लाज वाटली असणार.

मी करते फोटो. म्हणजे करायला शिकते. मेहरूण तलावावरच्या बगळ्याचा फोटो थोडा उजळ करणं वेगळं आणि हे वेगळं, हे मला कळतं. घरी यांना सांगितलं तर हे म्हणाले, बगळा निदान नाक मुरडत नाही. मी लक्ष दिलं नाही.

समोरच्या प्रकाशचंदजींची सून आयुषी त्यांच्या दुकानातल्या साड्यांचे फोटो कॉम्प्युटरवर करते. तिच्याकडे जाऊन बसले. तिने सांगितलं की फोटोशॉप सगळ्यात मातब्बर, पण त्याचं दरमहा भाडं भरत राहावं लागतं, भाडं थांबलं की खोली बंद. मोबाइलवरची काही फुकट असतात, पण ती आपल्याला न विचारता चेहरे सुंदर करून टाकतात. आणि एक गिंप म्हणून आहे, त्याला पैसे नाहीत, भाडं नाही, पण शिकायला जरा चिवट. कुठलं घेऊ याचा विचार चालू आहे.

येत्या शनिवारी मी येते आणि मायचा ताजा फोटो माझ्या कॅमेऱ्याने काढते. कबड्डीचा फोटो तयार ठेव. येताना भरताची वांगी आणते. मायला सांग, कोकिळा येतेय, तोवर चार घास जास्त खा. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवत राहा.

तुझी,
कोकिळा

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥
धुळे, २७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कोकिळा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर सुनं झालंय, म्हणजे तेवढाच आरडाओरडा कमी झाला. मायला ओट्यावर बसवून तू इकडे बघ, तिकडे बघ, हनुवटी वर कर म्हणत होतीस, तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं जमली होती. शेजारच्या रूपालीची सासू तर मला विचारून गेली की शालिग्रामभाऊ, आक्कांचा पासपोर्ट काढता का? माय तोंडावर पदर घेऊन हसत होती. तेवढं हसलेली मी तिला पुष्कळ दिवसांत पाहिली नव्हती.

ते हिरवं लुगडं तिने पेटीतून स्वतः शोधून काढलं होतं, हे तुला सांगायचं राहिलं. वहिनी देत होती ती नवी साडी तिने नाही घेतली. आबांनी घेतलेलं ते एवढंच लुगडं उरलंय, आणि ते आता ठिकठिकाणी विरलंय. म्हणून तर ती तुला सारखी सांगत होती की खांद्यापर्यंतच घे.

कबड्डीचा फोटो नेलास खरा, पण तो फुटू-फाटू देऊ नकोस. भिंतीवर त्याच्या जागी पांढरा चौकोन दिसतो आणि माय येता-जाता तिथे हात लावते. मी चार वर्षांचा होतो आबा गेले तेव्हा. कावीळ झाली होती त्यांना. मला त्यांचा आवाज आठवत नाही, चालणं आठवत नाही, फक्त त्या फोटोतलं तोंड आठवतं. तुला तर तेही नाही, तू पोटात होतीस.

माय रोज विचारते की कोकीचा निरोप आला का. काल तिला शेजारच्या बाईचं नाव आवाजावरून ओळखावं लागलं. मी हे तुला घाई करायला लिहीत नाही. बरं, करायलाच लिहितो.

वांग्यांचं भरीत झकास झालं. कळण्याच्या भाकरीबरोबर मायने भरपूर खाल्लं. पाहुण्यांना आमची आठवण सांगणे, आणि आमच्यावर आजवर केलीस तशी माया ठेवणे.

तुझा,
शालिग्रामभाऊ

॥ श्री ॥
जळगाव, ११ मार्च २०२५

ती. भाऊ यांस,
कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

तुझा फोटो सुखरूप आहे. स्कॅन करून घेतला आणि लगेच रुमालात गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवला. घरच्यांना तिथे हात लावायची बंदी आहे.

अखेर गिंपच घेतलं. भाड्याची खोली नको वाटली, आणि मोबाइलच्या त्या सुंदर करणाऱ्या खेळण्यावर तर माझा रागच आहे. आठवडाभर मी नुसती चडफडत होते. बटणं सगळी दिसतात, पण कुठलं काय करतं ते कळेना. आयुषी म्हणते, आँटी, घाबरू नका, बिघडलं तर उलटं जाता येतं. उलटं जाण्यातच माझ्या पहिल्या चार-पाच दुपारी गेल्या. पस्तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं, पण स्वतः पहिल्या बाकावर बसायची वेळ आली की कसं वाटतं ते आता समजलं.

यात लेयर म्हणून प्रकार असतो. लेयर म्हणजे थर. खाली मूळ फोटो ठेवायचा आणि त्यावर पारदर्शक कागदासारखे थर घालत जायचं. एका थरावर उजेड, एकावर डागांची दुरुस्ती, एकावर आबांचं तोंड. प्रत्येक थराशेजारी एक बारीकसा डोळा असतो. तो मिटला की तो थर दिसेनासा होतो, उघडला की परत येतो. मी मोठ्या हुशारीने पहिलं काम साधा फोटो म्हणून साठवलं आणि सगळे थर एकमेकांना चिकटून बसले, सुटेचनात. आयुषीने मग नियमच घालून दिला, की मूळ फोटो तळाशी कुलूप लावून ठेवायचा, त्याला बोटसुद्धा लावायचं नाही.

मलमपट्टीचं चित्र असलेलं एक हत्यार आहे. डागावर नुसतं फिरवलं की शेजारची कातडी घेऊन ते डाग भरून काढतं. आबांच्या फोटोवर बुरशीचे ठिपके होते, ते सगळे गेले बघ! हात बसला, मग मायच्या चेहऱ्यावरूनही फिरवलं. सुरकुत्यांना मात्र मी हात लावला नाही, त्या हव्यातच. फक्त वयाचे काळे-हिरवे डाग होते ते साफ केले. रंगही तिचाच ठेवला, सावळा. आबांचा कोट काढून टाकला आणि कबड्डीचं बनियन राहू दिलं.

प्रत पाठवते आहे. मायला पुरेशा उजेडात दाखव, आणि तिच्या तोंडाकडे बघून काय ते मला खरं खरं लिही. वहिनींना नमस्कार. धाकटीवर नेहमीसारखा जीव असू दे.

तुझी,
कोकिळा

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥
धुळे, १८ मार्च २०२५

चि. सौ. कोकिळा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू खरं लिहायला सांगितलंस म्हणून लिहितो. मायला नाही पटला.

मला आणि वहिनीला फार आवडला होता. वहिनी म्हणाली, अगदी समोर बसल्यासारख्या दिसताहेत सासूबाई. बनियनवर तेवढं तिने नाक मुरडलं, की भिंतीवर बनियनातला माणूस कसा लावायचा, चार लोक येतात घरी. पण मायने तो दारात, उन्हात नेला, उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला आणि बराच वेळ पाहिला. आबांच्या तोंडावरून बोट फिरवलं तेव्हा ती खूश दिसली. मग आपल्या तोंडावरून फिरवलं, आणि पुन्हा तेच, हाई मी नही शे. मी कान पुढे करून विचारलं की का गं, काय चुकलं? तिने पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

आपण दोघं मिळून तिला आणखी दुखवतो आहोत की काय, असं मला वाटायला लागलंय. रात्री तुझ्या वहिनीने मात्र एक सांगितलं ते मला पटलं. बाईमाणसाला नवऱ्याशेजारी त्याच्या आजीसारखं दिसणं कसं सोसेल? तू मायला तरुण करू शकतेस का? पण तिचा तरुणपणीचा फोटो नाही, हीच अडचण आहे.

नाही तर आबांनाच म्हातारं कर. हसू नकोस. जमत असेल तर बघ. सगळे म्हणतात मी आबांवर गेलोय. माझं थोबाड उपयोगी पडत असेल तर घे. तुझ्या भाच्याने, भूषणने दिवाळीला काढलेले माझे फोटो पाठवतो. टक्कल मात्र घेऊ नकोस, ते मामांकडून आलंय.

मायच्या उजव्या डोळ्याचं लिहायचं म्हणजे, आता तिला दारातून रस्त्यापलीकडचं झाड दिसत नाही. ओट्यापर्यंत दिसतं. एवढं लक्षात घे आणि भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शालिग्रामभाऊ

॥ श्री ॥
जळगाव, १ एप्रिल २०२५

ती. भाऊ यांस,
कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला गुढी उतरवली आणि कॉम्प्युटरपुढे बसले, ते आज तुला लिहायलाच उठले. आजची तारीख बघून चेष्टा समजू नकोस. आबा म्हातारे झाले.

तुझे फोटो एकेक उघडून मी तुझ्याकडे इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं असेन. तुझ्या डोळ्यांखालच्या पिशव्या घेतल्या, नाकापासून ओठांकडे येणाऱ्या दोन रेघा घेतल्या, कानांच्या लोंबलेल्या पाळ्या घेतल्या. एकेक रेघ एकेका थरावर, आबांच्या चेहऱ्याला बसेल अशी वळवून. केस पांढरे केले पण विरळ केले नाहीत, तुझी सूचना लक्षात होती. हे मधूनमधून डोकावून जात होते आणि विचारत होते, की आज सासरेबुवांचं वय काय झालं? ऐंशीपर्यंत आणलं तेव्हा मात्र हे मागे उभेच राहिले.

भाऊ, मी आबांना कधी पाहिलंच नाही रे. माझ्यासाठी ते कायम कबड्डीच्या बनियनातले, माझ्या मुलापेक्षाही लहान. त्यांना आबा म्हणताना मला लहानपणापासून आतून खोटं वाटायचं. काल दुपारी शेवटचा थर ठेवला आणि समोर एक म्हातारा माणूस बसला होता, तुझ्यासारखा पण तू नव्हेस. मला वाटलं, हे असते तर माझ्या लग्नात उभे राहिले असते, निवृत्तीच्या दिवशी मला घ्यायला आले असते. मी कॉम्प्युटर तसाच सोडून स्वयंपाकघरात गेले आणि खूप रडले. यांनी चहा केला. लग्नानंतर पहिल्यांदाच केला असेल, फार गोड झाला होता.

तू बघितलास की तुलाही काही तरी होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते. एकटा असताना पाकीट उघड. मग मायला दाखव. आता दोघं एका वयाची दिसतात, तिला लाज वाटायचं कारण उरलेलं नाही. मायचा चेहरा मागच्या वेळचाच आहे, तो मला आता चांगला वाटतो.

या खेपेला तरी तिला पटू दे, एवढंच मी देवापाशी मागते. वहिनींना सप्रेम नमस्कार. तुझी सावली धाकट्या बहिणीवर असू दे.

तुझी,
कोकिळा

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥
धुळे, १५ एप्रिल २०२५

चि. सौ. कोकिळा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट एकटाच असताना उघडलं. तू केलंस ते मी जन्मभर विसरणार नाही. चार वर्षांचा होतो तेव्हापासून मी घरातला मोठा माणूस. त्या फोटोत पहिल्यांदा माझ्यापेक्षा मोठं कुणी तरी मला दिसलं. तो फोटो मी कपाटात माझ्या कपड्यांखाली ठेवलाय, तो आता माझा. कुणी मागितला तरी देणार नाही.

कारण मायने तो नाकारला. आणि या वेळी का ते तिने सांगितलंही. सांगतो सविस्तर.

तिने फोटो पाहिला आणि विचारलं, की हा म्हातारा कोण? शालिग्राम का? मी म्हणालो, नाही गं, हे आबा, म्हातारे केलेत. ती अशी चिडली म्हणून सांगू! म्हणाली, की तो म्हातारा झालाच नाही, तर तुम्ही कोण त्याला म्हातारं करणारे? पोराला आणून माझ्या नवऱ्याच्या जागी बसवलंत. मी खजील होऊन तिथून निघून गेलो.

हे झालं यात्रेच्या आदल्या दिवशी. चैत्र पौर्णिमेला एकवीरेच्या यात्रेचे ढोल आपल्या घरापर्यंत ऐकू येतात, म्हणजे इतरांना येतात. माय ओट्यावर बसून ऐकत होती. मला तिने हाक मारून जवळ बसवलं, आणि माझ्या कानात बोलू लागली. मला ऐकू येत नाही आणि तिला दिसत नाही, त्यामुळे आम्हाला असं अगदी चिकटूनच बसावं लागतं. तिने माझं बोट धरलं आणि आपल्या हनुवटीवर ठेवलं. म्हणाली, इथं काय आहे सांग. मी म्हणालो, गोंदण. मग म्हणाली, फोटोत कुठे आहे?

कोकिळा, मी कपाटातून सगळे फोटो काढून आणले. हिलालभाऊच्या फोटोत नाही. तुझ्या पहिल्यात नाही, दुसऱ्यात नाही. तीन हिरवे ठिपके जन्मभर आपल्या डोळ्यांसमोर होते आणि आपल्या दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. आपल्याकडच्या सगळ्याच म्हाताऱ्यांच्या तोंडावर काही तरी गोंदलेलं असतं, म्हणून आपल्याला ते दिसेनासंच झालं होतं. तू मलमपट्टीने जे काळे-हिरवे डाग साफ केलेस ना, त्यांतच ते गेले.

ते तिने लग्नानंतर पहिल्या यात्रेत गोंदवलं. कपाळावरचं माहेरचं आहे, हनुवटीवरचं आबांनी करून घेतलं. त्या यात्रेत ती गर्दीत चुकली होती. नवी नवरी, डोईवरून पदर, सगळ्या बाया तशाच. आबांना ती सापडेना. सापडली तेव्हा ते तिला थेट गोंदणारणीसमोर घेऊन गेले आणि त्यांनीच तीन ठिपके सांगितले. सुई टोचत असताना ती रडत होती, आणि ते हात धरून हसत होते. म्हणाले, की आता कितीही गर्दी असू दे, पदर सरकला की मी तुला लगेच ओळखीन.

मग ती मला जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. तठे ते बठ्ठी दुनिया जमेल शे, शालिग्राम. मी म्हातारी व्हयनू. तो माले कशावरथीन वळखी?

म्हणजे मेल्यावर तिकडे तर सगळी दुनिया जमलेली असेल, मी म्हातारी झाले, तो मला कशावरून ओळखेल? आपल्याला वाटत होतं की तिला म्हातारपणाची लाज वाटते. तिला भीती वाटत होती. तिकडे एवढ्या गर्दीत तो तरुण मुलगा ह्या म्हातारीला शोधणार कसा, त्याची एकच खूण होती आणि ती आपण दर खेपेला पुसून तिच्या हातात देत होतो. ही गोष्ट तोंडाने सांगायची तिला लाज वाटत होती, एवढंच.

तेव्हा आबांना पुन्हा तरुण कर आणि मायचे ठिपके परत आण. आणता येतील ना? नसतील येत तर तसं लिही, मी तिला काही तरी सांगेन. पण लवकर लिही, आता तिला ओट्याची पायरी दिसत नाही. तुझ्यावर माझी काडीची नाराजी नाही हे लक्षात ठेव, आणि माझ्यावरही तशीच माया ठेव.

तुझा,
शालिग्रामभाऊ

॥ श्री ॥
जळगाव, २२ एप्रिल २०२५

ती. भाऊ यांस,
कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

येतील. आले. तुझं पत्र उघडलं, वाचलं आणि कुकर गॅसवर तसाच सोडून कॉम्प्युटरकडे धावले. खिचडी करपली.

आयुषीच्या नियमाने वाचवलं बघ. मूळ फोटो तळाशी कुलपात होता. मी वरून एकेका थराचा डोळा मिटत गेले. आधी आबांचे पांढरे केस गेले, मग तुझ्या रेघा गेल्या, तुझ्या पिशव्या गेल्या, आणि आबा पुन्हा कबड्डीचे झाले. मग मायच्या बाजूचा उजेडाचा थर मिटला. मग तो मलमपट्टीचा थर. त्याचा डोळा मिटला आणि हनुवटीवर तीन ठिपके आले. जागेवरच होते भाऊ, कुठे गेले नव्हते. मी इतका वेळ त्यांच्यावर माझी हुशारी पसरून बसले होते.

पण माझंच मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. हिलालभाऊला मी काय काय बोलले! त्याने निदान मायला आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. मी तिच्या मांडीवर वाढले, तिच्या हनुवटीला धरून गोष्ट सांग म्हणून हट्ट केला असेल. आयुषीला दाखवलं तर ती बिचारी आपल्यावरच घ्यायला लागली, की साडीवरचे डाग काढायची सवय आहे ना आँटी, मीच तुम्हाला तसं शिकवलं. मी म्हटलं, बाई, तुझी साडी माझी आई नव्हती.

आता मी एकच गोष्ट केली आहे. ते ठिपके फिके झालेत, म्हणून त्या तिघांपुरता नवा थर घालून त्यांचा हिरवा किंचित गडद केला. मायच्या उरलेल्या नजरेला दिसावेत म्हणून. बाकी ती आहे तशी आणि आबा होते तसे. फोटो मोठ्या आकारात करून घेते, तिला डोळ्यापाशी धरावा लागू नये.

पोस्टाने पाठवणार नाही. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायचंच आहे, स्वतः घेऊन येते. पितरांची घागर भरायच्या आधी तिच्या हातात देऊ. तोवर तिला एवढं सांग, की कोकीने ठिपके शोधले. वहिनींना सांग की बनियन तसंच राहणार आहे, कृपा करून रागावू नका. तुझ्या घराचं दार मला असंच उघडं असू दे.

तुझी,
कोकिळा

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥
धुळे, ७ मे २०२५

चि. सौ. कोकिळा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पोचल्याचा निरोप भूषणच्या फोनवरून मिळाला. आखाजीला तू आलीस, झोका खेळलीस, या वयात पडता पडता वाचलीस, सगळं छान झालं. पण जाताना तुझा चेहरा उतरलेला होता. मायने फोटो घेतला, मांडीवर ठेवला आणि तू जाईपर्यंत त्याबद्दल एक शब्द काढला नाही, म्हणून तू मनात कुढत गेलीस हे मला कळत होतं. म्हणून हे पत्र.

तू बसलीस आणि गाडी सुटली, तशी तिने मला हाक मारली. दारात उन्हात खुर्ची टाकायला सांगितली. फोटो डोळ्यासमोर धरला, मग हळूहळू जवळ आणला. बोट फिरवत फिरवत हनुवटीवर आली आणि तिथेच थांबली. एक, दोन, तीन असं पुटपुटली असेल, मला तिचे ओठ हलताना दिसले. मग तिने काय केलं ठाऊक आहे? आजूबाजूला कुणी नाही ना हे विचारलं आणि डोक्यावरचा पदर मागे सरकवला. पार खांद्यावर. आणि फोटोतल्या आबांसमोर तशीच बसून राहिली. मी लांबून पाहत होतो, तिला वाटलं मी घरात गेलो. मी खरंच गेलो मग.

मेल्यानंतर लावायचा फोटो तिने त्याच दिवशी लावायला लावला. वहिनीने विचारलं, की आबा गेलेले आणि तुम्ही आहात, मग हार घालायचा की नाही? घालावा तर तुमच्या गळ्यात पडतो, न घालावा तर आबांना उघडं ठेवल्यासारखं दिसतं. माय म्हणाली, सध्या राहू दे तसाच. त्याला रोज मला पाहू दे. म्हातारी झाले ते एकदम बघून बिचकायला नको, आत्तापासून सवय झालेली बरी. कबड्डीच्या पांढऱ्या चौकोनाच्या जागी लावलाय. चौकोनापेक्षा मोठा आहे, त्यामुळे भिंत आता डागाळलेली दिसत नाही. जेवण वाढलं की माय आधी तिकडे बघते आणि मग घास घेते. भाकरी पहिल्यासारखी खाते.

आता डोळ्याचं. परवापासून उजव्यातही फक्त उजेड आणि अंधार कळतो. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी थेंब चालू ठेवायला सांगितलं. तू लगेच धावत येऊ नकोस. ती शांत आहे, खरं सांगतो. मला म्हणाली, की पाहायचं होतं ते पाहून झालं. काचेवर हनुवटीपाशी तिच्या बोटाचा डाग पडतो. वहिनी आधी रोज पुसायची, आता तेवढा सोडून बाकी काच पुसते.

काल तिने मला पुन्हा कानापाशी बोलावलं आणि तुला एक निरोप लिहायला सांगितला. ती गेल्यावर हार घालायची वेळ येईल तेव्हा आपण दोघं रडण्याच्या नादात असू, म्हणून आत्ताच लिहून ठेव म्हणाली. हार लांब करून आणायचा आणि खाली सोडायचा. फुलांनी हनुवटी झाकायची नाही.

माझ्या लक्षात राहील न राहील, म्हणून तुला कळवलं. दोघांनी ध्यानात ठेवू. पाहुण्यांना नमस्कार, आणि आपली माया अशीच पत्रातून येऊ दे.

तुझा भाऊ,
शालिग्राम